सेजची पानं: गच्चीवरची, शेडनेटमधली की गगनबावड्याची? अँटिऑक्सिडंट कुठल्यात जास्त?

गच्चीवरची_बाग (राजारामपुरी, कोल्हापूर)

नमस्कार मंडळी. मी घरच्या घरी मसाल्याच्या आणि औषधी वनस्पती वाळवून छोट्या पाकिटांतून विकते. ओरेगॅनो, रोजमेरी, थाइम यांच्या जोडीला सेजही आहे. गिऱ्हाईक म्हणजे गावातले दोन-चार कॅफे आणि ओळखीची घरं. धंदा लहान असला तरी पाकिटावर जे लिहीन ते खरं असावं, यावर मी ठाम आहे.

माझ्याकडे सेज तीन जागांहून येतो. एक माझ्याच गच्चीवरचा, कुंडीतला, सकाळपासून संध्याकाळपर्यंत उन्हात. दुसरा भावाकडचा, शिरोळ तालुक्यात, काळ्या जमिनीत, शेडनेटखाली, ड्रिपवर. तिसरा मामांच्या परसातला, गगनबावड्याच्या बाजूला, जांभ्या मातीत. तिन्ही पानं ताटात शेजारी ठेवली तर एका जातीची आहेत असं वाटत नाही. गच्चीवरचं पान आखूड, जाड, राखाडी पांढरट, चुरगळल्यावर वास हात धुतला तरी जात नाही. शिरोळचं पान लांब, रुंद, हिरवंगार, मऊ, वासाला सौम्य. मामांकडचं दोन्हीच्या मधलं, पण पावसाळ्यात तिथली बरीच झाडं बुंध्यापासून काळी पडतात आणि हातात येतात.

परवा एका गिऱ्हाइकानं सांगितलं, "मला डोंगरातलाच माल द्या, त्यात अँटिऑक्सिडंट जास्त असतात." भावाचं म्हणणं वेगळं. तो म्हणतो, झाड जितकं सुखात तितकं पान कसदार. मला दोन्ही पटतंय आणि दोन्ही पटत नाहीये.

तर माझे प्रश्न: जागा बदलली की सेजमधली अँटिऑक्सिडंट खरंच बदलतात का? वास आणि रंग यावरून काही कळतं का? आणि तपासून घ्यायचं ठरवलं तर नमुने कसे द्यायचे?


हिरवा_कट्टा (सांगली)

ताई, आधी एक खात्री करून घ्या. तिन्ही ठिकाणचं झाड साल्व्हिया ऑफिसिनॅलिसच आहे ना? नर्सरीत बागेतल्या लाल फुलांचा साल्व्हियाही नुसता 'साल्व्हिया' म्हणूनच देतात. तो साल्व्हिया स्प्लेंडेन्स, शोभेचा, स्वयंपाकातला नाही. चिया सुद्धा साल्व्हियाच, साल्व्हिया हिस्पॅनिका. खायच्या सेजचं पान लांबट, खरखरीत, बारीक सुरकुत्यांचं आणि लवदार असतं.


गच्चीवरची_बाग

हो, तिन्हीकडे ऑफिसिनॅलिसच. गच्चीवरची आणि भावाकडची रोपं एकाच नर्सरीतून आणलेली, बियांपासून केलेली. मामांकडची कुणीतरी महाबळेश्वरहून आणून दिली होती.


जुना_रसायनी (शाहूपुरी, कोल्हापूर)

ताई, प्रश्न फार चांगला विचारलात, म्हणून सविस्तर लिहितो. मी आयुष्यभर वनस्पतींच्या अर्कांची तपासणी केली. निवृत्त झालो तरी हा विषय निघाला की गप्प बसवत नाही.

"अँटिऑक्सिडंट किती" असं विचारलं की उत्तर चुकतं, कारण सेजमध्ये ती एकच गोष्ट नाही. ढोबळ दोन कुळं धरा. पहिलं रोजमॅरिनिक आम्ल. हे १९५८ मध्ये स्कार्पाती आणि ओरिएन्ते या इटालियन रसायनशास्त्रज्ञांनी रोजमेरीतून वेगळं केलं. तुळस, पुदिना, रोजमेरी, सेज ही सगळी एकाच कुळातली, त्यामुळे त्यांच्यातही ते सापडतं. हे पाण्यात उतरतं. सेजचा चहा केला की कपात प्रामुख्यानं हे येतं. दुसरं कार्नोसिक आम्ल आणि त्यापासून होणारं कार्नोसॉल. हे तेलात-तुपात उतरतं, पाण्यात जवळपास नाहीच. युरोपीय संघानं २०१० मध्ये रोजमेरीचा अर्क खाद्यपदार्थांत वापरायला ई ३९२ या क्रमांकानं मान्यता दिली. त्या अर्काची ताकद मोजतात ती कार्नोसिक आम्ल आणि कार्नोसॉल यांच्यावरूनच. तेल खवट होऊ नये म्हणून ते घालतात. आपल्या घाण्याच्या शेंगतेलात सेजची वाळकी पानं घालून ठेवलीत तर काम करणारं हेच दुसरं कूळ.

म्हणजे तुमचं गिऱ्हाईक चहा करणार की लोण्यात परतणार, यावर "जास्त कुठल्यात" याचं उत्तर बदलतं.

आता जागेचं. हे पदार्थ झाड आपल्यासाठी बनवत नाही, स्वतःसाठी बनवतं. सेज मूळचा भूमध्य समुद्राकाठचा. क्रोएशियातल्या दाल्मेशियाच्या किनाऱ्यावर चुनखडीच्या उघड्या खडकांत तो रानात वाढतो. तिथे उन्हाळा कोरडा आणि पाऊस हिवाळ्यात. भर उन्हात पाणी कमी पडलं की झाड पानाची रंध्रं मिटून घेतं. कार्बन डायऑक्साइड आत येणं थांबतं, पण ऊन तर पानावर पडतच असतं. ती वापरात न आलेली ऊर्जा हरितद्रव्याच्या यंत्रणेतून ऑक्सिजनवर जाते आणि त्याची आक्रमक रूपं तयार होतात. ती पानाच्या आतलं मेद जाळतात. कार्नोसिक आम्ल तिथे स्वतः जळतं आणि पान वाचवतं.

"स्वतः जळतं" हे लक्षात ठेवा, कारण सगळी मेख तिथे आहे. बार्सिलोना विद्यापीठात सर्जी मुने-बॉश आणि लेओनोर आलेग्रे यांनी रोजमेरी आणि सेजवर हेच काम केलं. कडक ऊन आणि दुष्काळात झाडातलं कार्नोसिक आम्ल खर्च होताना आणि त्याची ऑक्सिडीकरण झालेली रूपं वाढताना त्यांनी दाखवलं. म्हणजे उन्हाचा थोडा ताण बसला की झाड साठा करतं, आणि ताण लांबला की तोच साठा मोडून खातं. त्यामुळे "झाडाला त्रास जास्त तर गुण जास्त" हे तुमच्या गिऱ्हाइकाचं म्हणणं अर्धंच खरं. एप्रिलमध्ये गच्चीवर कुंडी तापून माती सुटी झालेली असते, पानं लोंबतात, तेव्हाची तोड आणि डिसेंबरची तोड ही दोन वेगळी औषधं आहेत असंच धरून चाला.

भावाचं म्हणणंही तपासू. शेडनेटखाली ऊन कमी, त्यात अतिनील किरणही कमी. पानाला संरक्षणाची गरज कमी म्हणून फ्लॅव्होनॉइड आणि त्यांच्यासारखी फिनॉलं (पानातली अँटिऑक्सिडंट रसायनं) ते सहसा कमी बनवतं. शिवाय काळी जमीन, ड्रिप आणि त्यातून जाणारा युरिया. रोजमॅरिनिक आम्ल बनायला फेनिलअॅलनिन आणि टायरोसिन ही अमिनो आम्लं लागतात, आणि प्रथिनं बनवायलाही तीच लागतात. नत्र भरपूर मिळालं की झाड पाला वाढवायच्या मागे लागतं, अमिनो आम्लं प्रथिनांकडे जातात. पान मोठं, हिरवं, पातळ होतं. तुम्ही ताटात जे पाहिलंत ते हेच.

पण म्हणून भावाचा माल टाकाऊ ठरत नाही. एका ग्रॅमला कमी असलं तरी एका झाडाला किती, हा वेगळा हिशेब आहे. गच्चीवरच्या झाडाची वर्षाची तोड आणि शेडनेटमधल्या झाडाची तोड काट्यावर ठेवली तर एकूण अँटिऑक्सिडंट शेडनेटच्या झाडाकडूनच जास्त मिळेल, असं सहज होऊ शकतं. चहाचं पाकीट विकणाऱ्याला ग्रॅमचा हिशेब महत्त्वाचा, अर्क काढणाऱ्याला एकराचा.

वास आणि रंगाबद्दल. दहापटीचं भिंग मिळालं तर पानाची खालची बाजू बघा. दोन प्रकारची लव दिसेल. एक टोकदार पांढरे केस, दाट गुंतलेले. यांच्यामुळेच गच्चीवरचं पान राखाडी दिसतं, आणि हे केस ऊन परतवायला आणि बाष्प अडवायला असतात. त्यांच्या बुडाशी पानाला चिकटलेले गोल चकाकते थेंब दिसतील, त्या तेलग्रंथी. बोटानं दाबलं की त्या फुटतात आणि वास सुटतो. पण तो वास थुजोन, कापूर, सिनिओल यांचा, म्हणजे उडणाऱ्या तेलाचा. रोजमॅरिनिक आम्लाला वासच नाही आणि कार्नोसिक आम्ल उडत नाही. वास भरपूर म्हणजे ग्रंथी शाबूत, वाळवण नीट झालं एवढं कळतं. अँटिऑक्सिडंटचा आकडा नाकानं लागत नाही.


पॉलिहाऊसवाला (हातकणंगले)

सरांनी फार मोलाचं लिहिलंय. माझी थोडी शेतातली भर. मी ढोबळी मिरची करतो, एका कोपऱ्यात बेसिल आणि सेज आहे.

पॉलिहाऊसचा कागद घेताना त्यात अतिनील किरण अडवायचं मिश्रण असतं, ते कागद टिकावा म्हणून. पण त्यामुळे झाडालाही ते किरण मिळत नाहीत. मी तोडणीच्या आधी काही रोपं कुंडीसकट बाहेर काढून ठेवून बघितली. नवी फूट आखूड आणि जाड आली, लव वाढली. जुनी पानं होती तशीच राहिली. म्हणजे बाहेर काढून फायदा हवा असेल तर नवी फूट येईपर्यंत थांबावं लागतं.

गगनबावड्याचं म्हणाल तर तिथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि शिरोळला पाचशेच्या आसपास. एकाच जिल्ह्यात दहापट फरक. सेजला पाय ओले चालत नाहीत. मामांना सांगा, गादीवाफा उंच करा, जांभ्याची बारीक खडी मिसळा आणि जून ते सप्टेंबर वर कागद टाका, बाजू उघड्या ठेवून. नाहीतर दरवर्षी नवी रोपं लावायची पाळी येणार.


गच्चीवरची_बाग

खूप आभार दोघांचे. सर, "डिसेंबरची तोड आणि एप्रिलची तोड वेगळी" हे वाचून मी कपाटातली पाकिटं काढून बघितली. सगळी एकत्र केलेली आहेत, तारीख फक्त पॅकिंगची. आता तोडणीची तारीख आणि जागा लिहायला सुरुवात करते.

पण तपासणीचं सांगा ना. एका ओळखीच्या प्रयोगशाळेनं मागे रोजमेरीची तपासणी करून दिली होती. एकच पाला दोनदा दिला तर दोन आकडे आले, आणि कागदावर "टक्के" एवढंच लिहिलेलं. त्या टक्क्यांचा अर्थ काय लावायचा?


जुना_रसायनी

ताई, तो बहुधा डीपीपीएचचा आकडा असणार. सांगतो कसा काढतात, म्हणजे पुढच्या वेळी काय विचारायचं ते कळेल.

डीपीपीएच ही गडद जांभळ्या रंगाची पूड असते. मिथेनॉलमध्ये विरघळवली की द्रावण जांभळाच्या सालीच्या रंगाचं होतं. या रेणूवर एक एकटा इलेक्ट्रॉन असतो, तो जोडी शोधत असतो. त्यात सेजच्या अर्काचे काही थेंब टाकले की अर्कातली फिनॉलं त्याला हायड्रोजन देऊन टाकतात आणि रंग उतरतो, जांभळा फिका होत होत पिवळट होतो. चांगला अर्क असेल तर हे डोळ्यांदेखत घडतं. अर्ध्या तासानं ५१७ नॅनोमीटरवर रंग किती उरला ते यंत्रावर वाचतात. किती टक्के उतरला तो तुमचा "टक्के".

आता बघा त्यात किती गोष्टी दडल्या आहेत. अर्क किती घातला? कशात काढला, पाण्यात, मिथेनॉलमध्ये की ७० टक्के अल्कोहोलमध्ये? किती वेळ थांबले? अर्क दुप्पट घातला की टक्के वाढणारच. म्हणून नुसते टक्के घेऊ नका. अर्धा रंग उतरवायला किती अर्क लागला तो आकडा मागा, किंवा ज्ञात पदार्थाशी तुलना करून, म्हणजे एक ग्रॅम वाळल्या पानाची ताकद किती मिलिग्रॅम ट्रोलॉक्सइतकी (ई जीवनसत्त्वासारखा प्रमाण पदार्थ), असा मागा. दुसरी साधी तपासणी फोलिन-सिओकाल्तो. त्यात निळा रंग येतो, ७६० च्या आसपास वाचतात आणि एकूण फिनॉल गॅलिक आम्लाच्या हिशेबात देतात. ही स्वस्त आहे, पण पानातल्या क जीवनसत्त्वासारख्या गोष्टीही त्यात मोजल्या जातात. रोजमॅरिनिक किती आणि कार्नोसिक किती हे वेगवेगळं हवं असेल तर एचपीएलसीच लागते, म्हणजे अर्कातले पदार्थ वेगळे करून एकेक मोजणारी तपासणी.

नमुन्याबद्दल मात्र तुम्हालाच कडक राहावं लागेल, कारण प्रयोगशाळेत चुकतं त्याहून जास्त पिशवीत चुकतं. तिन्ही जागी तोडणी एकाच आठवड्यात, दव उडून गेल्यावर सकाळी. शेंड्यापासून ठरावीक जोडीचं पान, म्हणजे सगळीकडे तिसरी-चौथी जोडी. कोवळ्या शेंड्यात कार्नोसिक आम्ल जास्त असतं आणि पान जून होईल तसं ते घटतं. एका पिशवीत डिऱ्या आणि दुसरीत बुडखी पानं गेली तर तुम्ही जागा नाही, वय मोजताय. वाळवण तिन्हींचं एकाच जागी, सावलीत, वारा खेळता, चाळीस अंशांच्या आत. पान दमट हवेत रेंगाळत वाळलं की काळपट होतं. पानातलीच विकरं फिनॉलं खातात, आणि श्रावणात आपल्याकडे नेमकं तेच होतं. आणि ओलावा काढून कोरड्या वजनावर आकडा द्यायला सांगा. शिरोळच्या पानात पाणी जास्त, ओल्या वजनावर ते उगाच मार खाईल.

सगळ्यात महत्त्वाचं शेवटी सांगतो. तुमची दोन ठिकाणची रोपं बियांची, तिसरी महाबळेश्वरची. सेजचं बी म्हणजे प्रत्येक रोप वेगळं, भावंडांसारखं. काही झाडं जन्मतःच कार्नोसिक आम्ल जास्त बनवतात. आज फरक निघाला तर तो जागेचा की रक्ताचा, हे ठरवताच येणार नाही. म्हणून एकच सशक्त झाड निवडा, त्याची छाटकलमं करा आणि तीच तिन्हीकडे लावा. दसरा-दिवाळीच्या सुमाराला आपल्याकडे कलम छान धरतं. चार बोटं लांबीची, फूल न आलेली डिरी, खालची पानं काढून, वाळू आणि कोकोपीटमध्ये.


डॉक्टर_वहिनी (इचलकरंजी)

चर्चा वाचून आनंद झाला. मी रुग्ण बघते म्हणून एकच बाजू मांडते, आणि ती पाकिटावर यावी अशी कळकळीची विनंती.

सेजच्या तेलात थुजोन असतं. ते मज्जासंस्थेवर काम करतं आणि जास्त प्रमाणात झटके आणू शकतं. युरोपियन औषध संस्थेनं सेजच्या पानातून रोज पोटात जाणाऱ्या थुजोनची मर्यादा पाच-सहा मिलिग्रॅमच ठेवली आहे. जेवणात चार पानं परतली तर काही बिघडत नाही. पण "अँटिऑक्सिडंट आहे ना" म्हणून दिवसाला अनेक कप काढा पिणारे लोक मी बघितलेत. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी, आणि फिट येणाऱ्यांनी औषध म्हणून सेज घेऊ नये. जागा बदलली की थुजोनही बदलतं, तेव्हा वासाला जास्त तिखट माल म्हणजे जास्त चांगला असं गिऱ्हाइकाला सांगू नका.

शिवाय परीक्षानळीतला आकडा शरीराला लागू होत नाही. अमेरिकेच्या कृषी खात्यानं खाद्यपदार्थांच्या ओआरएसी आकड्यांचा (परीक्षानळीत मोजलेल्या अँटिऑक्सिडंट ताकदीचा) तक्ता २०१२ मध्ये याच कारणानं मागे घेतला. लोक त्याचा जाहिरातीसाठी गैरवापर करत होते. आपल्याकडेही २०१८ पासून अन्नपदार्थांवरच्या दाव्यांचे नियम आहेत, पुराव्याशिवाय आरोग्याचा दावा छापता येत नाही.


गच्चीवरची_बाग

वहिनी, बरं झालं लिहिलंत. "नैसर्गिक अँटिऑक्सिडंटनी समृद्ध" असं छापायचा विचार होता, तो सोडला. पाकिटावर जागा, तोडणीचा महिना आणि गरोदर बायकांसाठीची सूचना येईल. गिऱ्हाइकाला डोंगरातला माल हवा असेल तर डोंगरातला म्हणूनच देईन, जास्त गुणाचा म्हणून नाही.

सर, कलमांचं ठरलं. गच्चीवरचं सर्वात जुनं झाड मातृझाड म्हणून धरते. एक शेवटची शंका: तिन्हीकडे कलमं लावताना माती एकच न्यावी का? म्हणजे मीच कुंड्या भरून शिरोळला आणि गगनबावड्याला पाठवू का, की तिथल्याच जमिनीत लावू?


जुना_रसायनी

तुम्हाला नेमकं काय शोधायचंय त्यावर आहे. फक्त हवामानाचा, म्हणजे ऊन, पाऊस, सावली यांचा परिणाम हवा असेल तर माती एकच न्या, कुंडीचा आकार एकच, खत एकच. आणि "शिरोळचा सेज" म्हणून जो माल विकणार तो कसा आहे हे हवं असेल तर तिथल्याच जमिनीत लावा, भाऊ जे खत देतो तेच देऊ द्या. शिरोळकडच्या काही जमिनी क्षारपड आहेत, तो परिणाम कुंडीत दिसणारच नाही.

जमलं तर दोन्ही करा: प्रत्येक जागी काही कलमं तुमच्या कुंडीत, काही तिथल्या मातीत. कुंडीतल्यांची तुलना तुम्हाला हवामान सांगेल, आणि एकाच जागची कुंडी आणि जमीन यांची तुलना मातीचं सांगेल. फक्त गगनबावड्याच्या कुंड्यांना खाली भोकं मोठी ठेवा आणि विटांवर उचलून ठेवा.


पॉलिहाऊसवाला

ताई, माझ्याकडेही दोन-तीन कलमं पाठवा. पॉलिहाऊसची चौथी जागा होईल, तोडणी तुमच्याच तारखेला करून देतो.